आतला फोटो

तारापूरच्या एमआयडीसीत गोळ्यांच्या पट्ट्या पॅक करणाऱ्या एका कंपनीत मी बरीच वर्षं काम करते. फिरत्या पट्ट्यावरून या गोळ्यांच्या पट्ट्या समोरून सरकत जातात आणि आम्ही बायका त्यांतली खोट काढतो. कुठे गोळी तुटलेली, कुठे खळगा रिकामा, कुठे चंदेरी कागद सुटलेला. या कामाने माझा स्वभाव बिघडला असं घरच्यांचं म्हणणं आहे, कारण भाकरी ताटात पडली की मी आधी ती उलटून करपलेली बाजू बघते. माझं म्हणणं असं की स्वभाव आधीपासून असाच होता, कंपनीने फक्त त्याचा पगार सुरू केला.

त्या कंपनीत एकदा बायकांच्या तपासणीचं शिबिर भरलं. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होण्याआधीच त्याची चाहूल लागते का, ते बघणारं. प्रत्येकीने घरातली एक बाई सोबत आणली तरी चालेल, असं सांगितलं होतं. मी माझ्या धाकट्या जावेला घेऊन गेले. ती शिरगावची, समुद्राकाठी वाढलेली. विंचू चपलेने मारते, नारळाच्या झाडावर चढलेल्या गड्याला खालून शिव्या घालते, पण डॉक्टरांचं नाव काढलं की हिच्या पोटात कळ येते. म्हणून मी तिला पुलाव आणि गुलाबजामचं आमिष दाखवलं. गुलाबजाम खरंच होते, त्यामुळे मी खोटं बोलले असं कुणी म्हणू शकत नाही.

तपासणी कॅन्टीनच्या मागच्या खोलीत, पडद्याआड होती. बाहेर बाकावर आम्ही ओळीने बसलो होतो. माझ्या पुढची उत्तरेकडची बाई सारखी मला विचारत होती, "दीदी, दर्द होता है क्या?" आणि मी सारखं सांगत होते, "मेरेको क्या मालूम, मैं भी पहिली बार आयी हूँ." जाऊ माझ्या दंडाला धरून बसली होती.

यंत्र म्हणजे फार काही मोठं नव्हतं. एका स्टँडवर मोबाइल बसवलेला आणि त्याच्या पुढे भिंगाचा दिवा. नर्सने मला नीट समजावलं. आत एक आंबट वासाचं पाणी लावायचं, चायनीजच्या गाडीवर बाटलीत व्हिनेगर असतं ना, त्याच जातीचं. मिनिटभर थांबायचं आणि फोटो काढायचा. चांगली कातडी गुलाबीच राहते, पण जिथे पेशींचं काही बिनसलं असेल तिथे पांढरं उमटतं. मोबाइलमधला प्रोग्रॅम फोटो तपासतो आणि शंका आली तर त्या जागेभोवती लाल चौकट काढतो. मग डॉक्टर बघतात.

माझ्या फोटोत चौकट आली नाही. जावेच्या फोटोत आली.

मला ते आधी नर्सच्या तोंडावर दिसलं. इतका वेळ ती जावेशी गुलाबजामबद्दल बोलत होती, ती वाक्य अर्धवट सोडून डॉक्टरांना बोलवायला गेली. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी फोटो बोटांनी मोठा करून बघितला आणि म्हणाल्या, "घाबरू नका. हा कॅन्सर आहे असं मी म्हणत नाही. पुढे कधी होऊ शकेल असा भाग असू शकतो. तसा असला तर आताच काढून टाकता येतो. पालघरला मोठ्या दुर्बिणीखाली तपासून घ्या, उशीर करू नका."

आम्ही मागितला म्हणून त्यांनी फोटो आम्हाला दाखवला. एक गुलाबी गोल, मध्ये बारीकसं भोक आणि वरच्या कडेला पांढरट भाग, शेगडीवर उतू गेलेलं दूध वाळतं तसा. रोज हजार पट्ट्यांतली खोट काढणारी मी, पण त्या फोटोकडे बघून मला काही म्हणता काही कळेना. याचाच मला राग आला. जाऊ मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकली होती. "ताई, हा माजाच हाय ना नक्की?" ती विचारत होती. दोन बाळंतपणं झाली, त्यातलं एक मूल गेलं, एक मुलगी सहावीत आहे. आणि ज्या जागेतून हे सगळं घडलं ती जागा तिने आयुष्यात पहिल्यांदा बघितली होती.

माकुणसारला घरी पोचलो तेव्हा सासूबाई ओटीवर मोगऱ्याच्या कळ्या ओवत बसल्या होत्या. आमच्या घरी थोडी वाडी आहे. केळी, नारळ आणि मोगरा. त्यातलं मोगऱ्याचं सगळं त्यांच्याकडे. मी झालेलं सांगितलं. त्यांनी दोरा न थांबवता ऐकलं.

"हात दाखवून अवलक्षन," त्या म्हणाल्या. "चांगली हिंडतेफिरते हाय पोर. काय दुखते काय तुजा?"

"नाय आई," जाऊ म्हणाली.

"मग?"

मी म्हटलं, दुखायला लागल्यावर जायचं असतं तर शिबिर कशाला भरवलं असतं? दुखायच्या आधी कळावं म्हणूनच तर तो फोटो. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी बोलायला लागले की त्यांना मोगरा जास्त महत्त्वाचा वाटतो. दीर आणि माझा नवरा दोघांनी "हो हो, जाऊन या" म्हटलं, आणि कुठे जायचं, कशासाठी जायचं, हे एकानेही विचारलं नाही. बायकांच्या आतलं म्हटलं की आमच्याकडचे पुरुष पाठमोरे होतात, त्यालाच मर्यादा म्हणतात.

पालघरच्या दवाखान्यात पुढच्या आठवड्यातली वेळ मिळाली. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या वयाच्या होत्या आणि भारी बोलक्या. दुर्बीण टेबलाच्या पायथ्याशी आणि तिला जोडलेला टीव्हीएवढा पडदा भिंतीवर. मी जावेच्या डोक्याशी उभी होते. "माकुणसार का? केळी चांगली तुमच्याकडची," असं म्हणत बाईंनी दिवा लावला, आत बघितलं, आणि केळ्यांचं तिथेच राहिलं.

पडद्यावर गुलाबी काही नव्हतंच. सगळं लाल, सोललेलं, जागोजाग पांढुरके पापुद्रे. बाईंनी नुसता कापूस टेकवला तर रक्त आलं.

"काय वापरलंत तुम्ही?" त्यांनी विचारलं.

जाऊ छताकडे बघत राहिली.

"मी रागावत नाही. पण मला कळायला हवं. काही लावलंय, काही घातलंय, कशाने धुतलंय?"

"तिने काहीही केलेलं नाही," मी ताडकन म्हटलं. जावेने डोळे मिटले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला काही माहीत नाही.

तुरटी. शिबिरापासून सकाळ-संध्याकाळ तुरटीच्या पाण्याने ती आतून धूत होती. आमच्या घरात बाळंतिणीला अशा पाण्याने धुवायची पद्धत आहे, जखम सुकते म्हणून. आणि डॉक्टरांपुढे जायचं तर तसंच कसं जायचं? पाहुणे यायचे म्हटलं की आपण घर सारवतो. तिथे तर दिवा लावून, मोठं करून, पडद्यावर बघणार होते. लाजेने मेली असती ती. सासूबाईंनी तुरटीचा खडा हातात दिला आणि हिने जरा जास्तच मन लावून धुतलं.

बाईंनी हातमोजे काढले आणि स्टूल जवळ ओढून बसल्या. "आता माझी पंचाईत ऐका," त्या म्हणाल्या. "तुरटीने कातडी सोलवटते, हात लावला की रक्त येतं. पण आतला आजार वाढलेला असला तरी हात लावला की रक्त येतं. यातलं कुठलं कशाचं, ते मला आज सांगता येणार नाही. हे सगळं आधी भरून यायला हवं. महिन्याभराने या. आणि तोवर साध्या पाण्याशिवाय काही म्हणजे काही नको."

"आणि तोवर ते वाढलं तर?" मी विचारलं.

"महिन्यात फार फरक पडत नाही," त्या म्हणाल्या. आणि पुढची तारीख लिहून देताना म्हणाल्या, "जर ते सुरुवातीचंच असेल तर."

त्या "जर"वर आम्ही महिना काढला.

घरी येऊन मी सासूबाईंना बोलले. बोलले म्हणजे भांडले. डॉक्टर व्हायचं होतं तर आधी शाळेत जायचं होतं, इथपर्यंत माझी जीभ गेली. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा असं झालं की मी एवढं बोलले आणि त्यांनी उलट एक अक्षर काढलं नाही. त्या उठल्या, आत गेल्या आणि त्या दिवशी मोगरा तसाच टोपलीत राहिला. मला वाटलं, जिंकले. माझ्या रागाचं असंच आहे, समोरचा गप्प बसला की आपण जिंकलो असं माझ्या रागाला वाटतं.

जाऊ वरवर नेहमीसारखी होती. स्वयंपाक करायची, केळीच्या पानांना कात्री लावायची, माझ्या नवऱ्याच्या घोरण्यावर विनोद करायची. पण कपडे वाळत घालताना ती आपलं परकर-लुगडं उन्हात धरून बघायची. डाग आहे का, लाल आहे का, जुना आहे का नवा. मी बघतेय असं दिसलं की पटकन दोरीवर टाकायची. मीसुद्धा तिच्या नकळत दोरीवर जाऊन तेच बघायचे. आम्ही दोघी एकमेकींपासून लपवून एकच परकर तपासत होतो.

एका रविवारी मी मागच्या पडवीत गेले तर ती मुलीला समोर बसवून वेणी शिकवत होती. स्वतःची स्वतः घालायची. मुलीचे हात मागे पुरत नव्हते, पेड सुटत होते, आणि ही प्रत्येक वेळी सोडून पुन्हा पहिल्यापासून घालायला लावत होती. मुलगी रडकुंडीला आली. "तूच घाल ना गं आई," ती म्हणत होती.

"यायला पायजे तुला," जाऊ म्हणाली. "सगला यायला पायजे."

मी फणी तिच्या हातातून हिसकावून घेतली. "मेलीस का तू?" मी ओरडले. "अजून फोटोपण धड आला नाही तुझा आणि तू पोरीला पोरकी करायला बसलीस?" मुलगी आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघायला लागली. जाऊ उठून पंपाच्या खोलीकडे गेली. मी तिच्या मुलीची वेणी घातली, इतकी घट्ट की ती "काकी, डोळे ओढले जातात" म्हणाली. मला रडू येत होतं आणि ते मी तिच्या केसांवर काढत होते. रात्री जेवताना जाऊ माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिने माझ्या ताटात भाकरी वाढली, चांगली बाजू वर करून.

महिन्याने पालघरला निघालो तर सासूबाई चप्पल घालून दारात उभ्या. "मी येते," त्या म्हणाल्या. मी कपाळावर आठी आणली, पण जावेने त्यांचा हात धरून रिक्षात बसवलं.

या वेळी पडद्यावर गुलाबी दिसलं. ते बघूनच माझा अर्धा जीव परत आला. बाईंनी आंबट पाणी लावलं आणि आम्ही सगळ्या थांबलो. जाऊ टेबलावर, मी तिच्या डोक्याशी, सासूबाई दारालगतच्या स्टुलावर पदर तोंडाशी धरून. मिनिट म्हणजे काय असतं ते मला कंपनीच्या पट्ट्यासमोर उभी राहूनही कधी कळलं नव्हतं. वरच्या कडेला हळूहळू पांढरं चढत गेलं. नकाशावर गावाची हद्द असते तशी त्याला स्पष्ट कड होती.

"हे बघा," बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. मग आयोडीन लावलं. सगळं तपकिरी झालं, तेवढा एकच तुकडा पिवळट राहिला. "हाच. तुरटीने झालेलं सगळं भरून आलं, हा राहिला. बरं झालं, आता याची हद्द कळली." चिमट्याने त्यातला इवलासा कण काढून त्यांनी बाटलीत टाकला. जाऊ एकदा "आई गं" म्हणाली, आणि दारातून सासूबाई "हां, हां, मी हाय" म्हणाल्या. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांचा एवढा मऊ आवाज ऐकला नव्हता.

त्या कणाचा निकाल घ्यायला गेलो तेव्हाही आम्ही तिघीच होतो. बाईंनी दार लावून घेतलं आणि आधी निकाल सांगितला, मग बसायला सांगितलं. मला हे फार आवडलं.

"कॅन्सर नाही. त्याच्या अलीकडची पायरी आहे. तशीच सोडली असती तर काही वर्षांत कॅन्सरपर्यंत जाऊ शकली असती. आता मी तेवढा भाग विजेवर चालणाऱ्या बारीक तारेने काढून टाकते, जागा बधिर करून. संध्याकाळी घरी जाल. पुढेही अधूनमधून फोटो काढायला यावं लागेल, पण ते सोपं."

जाऊ हसायला लागली आणि थांबेचना. मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. मला तिला मिठी मारायची होती, पण माझ्या हाताला तीच सवय. बाई म्हणाल्या, "आजच करायचं असेल तर करू," आणि जावेने त्याच हसण्यात "करा" म्हटलं. तासाभराने ती पलीकडच्या खोलीत चहात पाव बुडवून खात होती. सगळं झालं होतं. एवढ्या मोठ्या भीतीचा शेवट एवढासा, माझा विश्वास बसत नव्हता.

मी बाहेर येऊन सासूबाईंना म्हटलं, "चला आई, झालं. रिक्षा बघते."

त्या बाकावरून उठल्या नाहीत.

"त्या बाईंना इचार," त्या म्हणाल्या, "माजा फोटो काढतील काय."

मला वाटलं, सुनेचं बघून यांनाही हौस आली. "तुमचं कशाला? तुमची पाळी जाऊन जमाना झाला."

"जमाना झाला," त्या म्हणाल्या. "तरी जाते लाल. पावसाच्या आदीपासना."

मी त्यांच्याजवळ बसले. "बोलला का नाही कुणाला?"

"कुनाला बोलू? पोरांना? तुरटीनं थांबत होता. मग नाय थांबला." मग पलीकडच्या खोलीकडे मान करून म्हणाल्या, "तिच्या आतला बगितला पडद्यावर. तवा कललं, ह्या बगता येते."

त्या दिवशी मी त्यांना किती बोलले होते आणि त्या का गप्प बसल्या होत्या, ते मला त्या बाकावर कळलं. त्यांना सुनेची तुरटी नव्हे, स्वतःची आठवली होती.

बाईंनी लगेच आत घेतलं. जाऊही उठून आली, नको म्हटलं तरी. सासूबाईंनी लुगडं स्वतः सावरलं आणि त्या टेबलावर चढल्या. आता आम्ही दोघी त्यांच्या डोक्याशी उभ्या होतो. बाई नेहमीप्रमाणे काहीतरी विचारत होत्या, या वेळी वाडीतल्या मोगऱ्याबद्दल. मग त्यांनी दिवा लावून आत बघितलं. आंबट पाण्याची बाटली त्यांनी उघडलीच नाही. मी पडद्याकडे बघितलं. या वेळी मला खोट काढायला कुणाची गरज लागली नाही.

बाई उठल्या, हात धुतले, आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "यांचे मुलगे आज येऊ शकतील का? त्यांच्याशी बोलायला लागेल."

मी काही म्हणायच्या आत टेबलावरून आवाज आला.

"त्यांच्याशी कशाला? मला सांगा. आंग माजा हाय."

बाई वळल्या. त्यांनी स्टूल ओढलं आणि सासूबाईंच्या उशाशी जाऊन बसल्या.